डोमाजीमामांचं स्टेडियम

फुटबॉलच्या सामन्याला जाऊन चेंडूकडे न पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही बाकीचे लोक मान डावीउजवीकडे फिरवत असू, ओरडत असू, पंचाच्या घराण्याचा उद्धार करत असू. आणि आमच्यात बसलेले डोमाजीमामा मिटलेल्या छत्रीवर हनुवटी टेकून गोलामागच्या डबक्याकडे पाहत असत. हाफटाइमला ते उठून त्या डबक्यापर्यंत जात, चिमूटभर माती बोटांत चोळत आणि परत येऊन निकाल देत, "रेल्वेची जागा भुसभुशीत आहे जी. पानी धरत नाई." फुटबॉलच्या मैदानाची ही स्तुती झाली, हे त्यांच्या गावीही नसे. सामना संपला की ते विचारत, "कोन हारलं?" कोण जिंकलं असं त्यांनी कधी विचारलं नाही. आमच्या क्लबाशी त्यांचा परिचय तेवढा जुना होता.

क्लबाचं नाव पांगोली स्पोर्टिंग. गोंदियाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव क्लबाला दिलं होतं आणि क्लबानं ते सार्थ केलं होतं. पावसाळ्यात दोन्ही दिसत, उन्हाळ्यात दोन्ही शोधावी लागत. स्वातंत्र्य मिळालं त्या पावसाळ्यात आम्ही तो काढला. गावात फुटबॉल आणला तो रेल्वेच्या बंगाली बाबूंनी, आणि मैदान होतं तेही रेल्वेचंच. त्यांचा खेळ नसेल त्या दिवशी आम्ही त्यांच्या परवानगीनं तिथे खेळत असू. हरायला परवानगी लागत नसे. रेल्वे टीमचे सेक्रेटरी पालबाबू हे मालगाडीचे गार्ड. आम्हाला हरवलं की ते आम्हाला चहा पाजत. हरण्यापेक्षा त्या चहाचा राग जास्त यायचा. पण चहा चांगला असायचा म्हणून आम्ही प्यायचो.

मी शाळामास्तर. इंग्रजीत अर्ज लिहिता येतो एवढ्या गुणावर मला क्लबाचा सहचिटणीस केलं होतं. मी कधी चेंडूला पाय लावला नव्हता. एकदा चेंडूच येऊन मला लागला होता, तेवढाच आमचा संबंध. अध्यक्ष होते बिडीच्या कारखान्याचे मगनसेठ. त्यांचाही खेळाशी संबंध माझ्याइतकाच, फक्त त्यांना चेंडू लागलेला नव्हता. मामा आमच्यात आले ते भाच्यामुळे. भाचा आमच्याकडून डाव्या बाजूला खेळायचा. पुढे तो भिलईला पोलादाच्या कारखान्यात गेला, पण मामा क्लबातच राहिले. त्यामुळे ज्यांनी तो भाचा कधी पाहिलेला नाही अशा पोरांचेही ते मामाच झाले.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता. बसू द्या. गोल चढला, बसू द्या. चहा गरम आहे, बसू द्या. एका खेळाडूच्या घरी नवी सून आल्या दिवसापासून भांडणं सुरू झाली, तेव्हा सासूलाही मामांनी हेच सांगितलं, "नवी माती होय बाई. बसू द्या. बसल्यावर पाहू." हा शब्द त्यांच्या घराण्याच्या धंद्यातला होता. पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्यांपैकी ते होते. त्यांच्या आज्यानं बांधलेल्या तलावांवर आजही तीन गावांचं धान पिकतं. बापानं ते तलाव राखले. मामांची वेळ आली आणि मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीला, म्हणजे तलावाच्या मातीच्या भिंतीला, भोक पडलं तर पावसानं थांबावं आणि आपण अर्ज करावा अशी पद्धत सुरू झाली. नवा तलाव बांधायला कोणी मामांना बोलावीना. एकदा रेल्वेच्या मैदानावरून परतताना ते मला म्हणाले, "माह्या हातची एकबी पार नाई, मास्तर." तलावाच्या पाळीला ते पार म्हणत. मला वाटलं ते बसायच्या पाराबद्दल बोलताहेत; मी सहानुभूतीनं मान हलवली आणि आमच्या बचावफळीवर बोलू लागलो.

स्वतःचं स्टेडियम बांधायची कल्पना कोणाची हे, सगळं चांगलं होतं तोवर, सगळ्यांना माहीत होतं. रेल्वेच्या अरुंद रुळांच्या छोट्या लाइनीपलीकडची, उताराची आणि म्हणून कोणालाच नको असलेली जमीन क्लबाला मिळाली. नागपूरहून एक मंत्री येऊन कोनशिला बसवून गेले. कोनशिलेवर त्यांचं नाव, खात्याचं नाव आणि राज्याचं नाव कोरलेलं होतं. वर्ष उलटलं नाही तोच राज्य बदललं, आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, मंत्री कुठे गेले ते कळलं नाही, आणि माळावर तो दगड एका नसलेल्या राज्याचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला. मामांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हटलं, "दगड चांगला आहे. पन जागेवर नाई."

मग मगनसेठ म्हणाले, "पत्थर से मॅच नहीं होता. मामा, आप ही मिट्टी की गॅलरी बना दो." इतकं साधं वाक्य, पण मामांनी छत्री उघडली आणि लगेच मिटली. ऊनही नव्हतं आणि पाऊसही नव्हता.

माझाही हातभार लागावा म्हणून मी एका जाड पुस्तकातलं रोमन आखाड्याचं चित्र त्यांना दाखवायला नेलं. मध्ये मोकळी जागा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या. प्राचीन लोक लाखोंनी बसून कसे खेळ पाहत यावर मी बरंच बोललो. मामांनी चित्र उभं धरलं, आडवं धरलं.

"हे तं बोडी आहे," ते म्हणाले. बोडी म्हणजे एखाद्याच्या शेतापुरतं लहानसं तळं. "पानी कुठं गेलं हिच्यातलं?"

आम्ही सगळे हसलो. मी तर ही गोष्ट शाळेतही सांगितली. पुढे शाळेत मला तीच गोष्ट उलट बाजूनं ऐकवण्यात आली.

त्या उन्हाळ्यात काम सुरू झालं आणि पांगोली क्लबाला प्रथमच खरा प्रेक्षकवर्ग मिळाला. संध्याकाळी पाच वाजले की वकील, मास्तर, गिरणीतले मुनीम, बाद झालेले खेळाडू, सगळे छोटी लाइन ओलांडून बांधकाम पाहायला जात. मातीच्या गॅलरीचा, म्हणजे मामांच्या पाळीचा, एक हात उत्तरेला वळत होता, दुसरा दक्षिणेला. उत्तरेच्या हाताला सालेकशाकडची माणसं होती, मोहफुलांचा हंगाम संपवून आलेली, दक्षिणेला बिरशीकडची. तिसऱ्या दिवशी आमच्यात दोन तट पडले. मगनसेठ उत्तरेचे, मी दक्षिणेचा. टोपलं भरलं की टाळ्या, सांडलं की हुर्यो. आमच्या वकिलांनी एकदा बिरशीच्या माणसाला ऑफसाइड दिला. दोन्ही हात टोकाला पोचेपर्यंत आम्ही घसे बसवून घेतले. शेवटी सालेकशाच्या एका बाईनं डोक्यावरचं टोपलं आमच्यासमोर आपटलं.

"काऊन ओरडून राहिले जी? घ्या न टोपलं डोक्यावर."

त्यानंतर काही वेळ आम्ही मनातल्या मनात ओरडलो.

मामा या गोंधळात कुठेच नसत. ते पाळीवर असत, अनवाणी. पायाच्या तळव्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. मधोमध काळ्या मातीचा गाभा, वर मुरूम, प्रत्येक थरावर पाणी आणि माती ठोकायचं धुम्मस. थर मनासारखा ठोकला गेला नाही तर उकरून पुन्हा घालायला लावत. माती आणायची कुठून, तर मैदानाच्या पोटातूनच. त्यामुळे उताराची जमीन सपाट झाली हे खरं, पण खाली जाऊन सपाट झाली. पाळ त्यांनी पूर्वेला घातली होती. संध्याकाळच्या खेळात सगळ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येणार, हे आमच्या लक्षात आलं ते पाळ कमरेइतकी झाल्यावर. मी विचारलं, "मामा, पाळ पश्चिमेला नको होती का?"

"पार खालच्याच अंगाले रायते, मास्तर," ते म्हणाले. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तशा आवाजात. मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

एका म्हाताऱ्या मजुरानं मात्र विचारलं. "मामा, तुडुम कुठं ठेवाचा?" तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायची मोरी.

मामा मोकळेपणानं हसले. तसे ते क्वचित हसत. "तुडुम तलावाले रायते, बावा. हे खेळाचं मैदान होय."

आम्हीही हसलो. मी जरा जास्तच, कारण तुडुम म्हणजे काय ते मला नुकतंच कळलं होतं. पाळ घालताना हे मैदान आहे याचा मामांना विसर पडला होता, आणि तुडुमाच्या वेळी नेमकी आठवण झाली. आणि आम्ही, बुकं वाचलेले आणि कज्जे लढलेले लोक, रोज संध्याकाळी त्याच पाळीवर बसून इंग्लंडच्या मैदानांविषयी बोलत होतो.

आषाढाच्या शेवटी पाऊस दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी उघडीप होऊन कडक ऊन पडलं तेव्हा अख्खी कमिटी छत्र्या घेऊन स्टेडियम पाहायला गेली. स्टेडियममध्ये पाणी होतं. पश्चिमेच्या उतारावरून आलेलं सगळं पाणी आमच्या पाळीच्या कुशीत येऊन थांबलं होतं आणि दोन्ही गोल कमरेइतक्या पाण्यात समोरासमोर उभे होते. एका आडव्या दांडीवर बगळा बसला होता. बातमी ऐकून पालबाबू सायकलवर आले. बराच वेळ पाहून गंभीरपणे म्हणाले, "डोमाजी, आमरा टीम में दो आदमी तैरना जानता है. बाकी का सिखाना पड़ेगा."

पण ऐकायला मामा तिथे नव्हते. ते पाळीच्या बाहेरच्या अंगानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाकून तळ चाचपत चालत होते. वर आले तेव्हा चेहरा उजळला होता. त्यांनी उजवा तळवा माझ्यासमोर धरला. "पाहा मास्तर. बाहेरून एक थेंब नाई."

तळवा कोरडा होता. मग त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग गोलांकडे पाहिलं, आणि तो हात हळूच धोतराला पुसला. पुसण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उद्घाटनाचा सामना ठरला होता. आजवर आम्ही रेल्वेच्या दारात जात होतो. पहिल्यांदाच रेल्वे आमच्या दारात येणार होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या. कमिटी पाळीवर जमली, आणि मगनसेठ कोणाकडेही न बघता म्हणाले, "मामा, पाल काटनी पड़ेगी."

सगळ्यांना वाटलं आता मामा म्हणतील, बसू द्या. ते नुसते उठले. छत्री घेऊन उतरले आणि रुळांवरून निघून गेले.

दोन दिवस ते फिरकले नाहीत, तेव्हा आम्हीच कुदळी घेतल्या. तीन मास्तर, एक वकील आणि एक निवृत्त गोलकीपर यांनी सकाळभर खपून पाळीला जे भोक पाडलं त्यात उंदरानंही शिरायला नकार दिला असता. वकिलांच्या कुदळीचा दांडा निघाला. माझ्या हाताला फोड आले आणि ते मी पुढे कित्येक दिवस लोकांना दाखवत होतो. दुपारी वर पाहिलं तर मामा उभे होते. खांद्यावर फावडं, हातात छत्री नाही.

"इथून फुटली तं खालचं सारं रोवनं वाहून जाईल," ते म्हणाले. खालच्या बाजूला नुकती रोवणी झालेली धानाची शेतं होती. आम्ही ती रोज पाहत होतो. मामा उत्तरेच्या कोपऱ्याकडे गेले, जिथून एक नाला शेतांना धरून जातो. त्यांनी पाळीवर सुपारी ठेवली, हात जोडले, आणि ज्या सुरात ते चहा मागत त्याच सुरात म्हणाले, "आज्यानं बांधली, बापानं राखली, मी कापून राहिलो."

मगनसेठ जाड कातडीचे गृहस्थ, पण त्यांनाही ते ऐकवलं नाही. "एक मॅच की तो बात है, मामा."

मामा थांबले. "एक?"

"एक," मगनसेठ म्हणाले. समजूत घालताना माणूस जे म्हणतो ते.

"मंग ठीक," मामा म्हणाले आणि पहिला घाव घातला.

एकदम फोडली असती तर दिवसात मैदान रिकामं झालं असतं. मामांनी ती बोट-बोट उतरवत नेली. पावसानं ओढ दिली होती, खालचे शेतकरी पाण्याची वाट पाहत होते, त्यांनी बांध फोडून ते एकेक शेतात वळवून घेतलं. पोळ्याच्या दिवशी बैलांची अंगं आमच्या मैदानाच्या पाण्यानं धुतली गेली. दुसऱ्या दिवशी खाली उरला तो चिखल.

उद्घाटनाला नव्या राज्याचे एक पाहुणे आले. चिखलात उभं राहता येईना म्हणून त्यांना शाळेच्या टेबलावर चढवलं. जसजसं भाषण लांबत गेलं तसतशी टेबलाची उंची कमी होत गेली. क्रीडा आणि राष्ट्र यांचा संबंध येईपर्यंत पाहुणे आमच्या पातळीवर आले होते. युवकांना संदेश देताना त्यांनी खाली पाहिलं आणि संदेश आवरता घेतला. इतकं नेमकं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही.

सामन्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. चेंडू जिथे पडे तिथे राहत होता. दोन्ही बाजूंचे खेळाडू त्याच्याभोवती जमून त्याला उपसायचा प्रयत्न करत होते. पण सामना संपला तेव्हा रेल्वेच्या नावावर शून्य होतं आणि आमच्याही. पांगोली क्लबाच्या इतिहासात प्रथमच आम्ही रेल्वेकडून हरलो नव्हतो. लोक नाचले. मी मामांना शोधत पाळीवर पळालो, तर त्यांची जागा रिकामी.

ते उत्तरेच्या कोपऱ्यात होते. धोतर वर खोचलेलं, पायाशी टोपलं, आणि कापलेल्या जागी काळ्या मातीचा पहिला थर पडत होता.

"मामा, विचारा तरी कोण हरलं!"

"कोन?"

"कोणीच नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "टोपलं पकडा."

मगनसेठ धापा टाकत आले. "मामा, ये क्या? अगला मॅच कहाँ होगा?"

"सेठजी, तुमी एक म्हनलं होतं." आवाजात ना राग, ना विजय. "हस्ताचं पानी याचं आहे अजून. धान पोटरीवर येईल तवा ह्याइले कोन देईन पानी?"

तेव्हा मला दिसलं की खालचे शेतकरीही सामन्याला आले होते, पण सगळे या एकाच कोपऱ्यात उभे होते. सामनाभर त्यांनी बहुधा चेंडूकडे पाहिलं नव्हतं. कोणी काही मागत नव्हतं, फक्त उभे होते. मगनसेठ त्यांच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता कमिटीची सभा बोलावतील. त्यांनी कोट काढला, घडी केली, ठेवायला कोरडी जागा दिसेना म्हणून वकिलांच्या हातात दिला, आणि वाकून टोपलं उचललं. सालेकशाच्या त्या बाईनं हे पाहायला हवं होतं.

मग रांग लागली. खेळाडू आधीच चिखलात होते, त्यांना वेगळी तयारी लागली नाही. रेल्वेचे बाबू पाहुणे म्हणून जरा घुटमळले आणि मग तेही शिरले. आमच्या राइट-इनचं टोपलं त्यांच्या लेफ्ट-हाफकडे जात होतं, दिवसातला तो एकच बरा पास. पालबाबू गार्डाच्या सवयीनं रांगेच्या शेपटीला जाऊन उभे राहिले आणि हात वर करून त्यांनी निघायची खूण केली. मामा टोकाला अनवाणी उभे राहून येणारी माती पायानं दाबत होते. मी दिलेलं एक टोपलं त्यांनी परत पाठवलं, त्यात मुरूम होता.

आमचं स्टेडियम म्हणून त्याचं आयुष्य तेवढंच. पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा रेल्वेच्या मैदानावर, परवानगीनं. पालबाबूंचा चहाही पूर्वीसारखाच. मामांनी नंतर त्या पाळीला तुडुम घातला, आणि आतल्या अंगाला दगड रचताना कोनशिलाही आणून पाण्याच्या काठाशी आडवी बसवली. दगड जागेवर आला. बायका त्यावर धुणं धुऊ लागल्या. दोन वर्षांत मंत्र्यांचं नाव गेलं, मग खात्याचं. राज्याचं नाव खोल कोरलेलं होतं, ते जरा टिकलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात माझी वडशाच्या शाळेत बदली झाली. छोट्या लाइनीची गाडी गाव सोडताना तलावाला वळसा घालून जाते. मी खिडकीशी होतो. पाणी खाली गेलं होतं, दोन्ही गोल गुडघाभर पाण्यात एकमेकांकडे पाहत उभे होते, आणि मामा मिटलेली छत्री घेऊन पाळीवरून चालले होते. मी हाक मारली. गाडीचा आवाज होता, आणि तसेही ते आमच्या ओरडण्याकडे कधी लक्ष देत नसत. उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे कापली होती तिथे, ते थांबले. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि टाचेनं माती दाबून पाहिली. थोडं पुढे सरकून पुन्हा पाहिली.

बसली की नाही ते पाहत असावेत.